कुडपणातला वर्गणीदार

ध्वनीविषयीचं मासिक वाचणं हा मुळातच विनोदी प्रकार आहे. कागदाला आवाज नसतो. फार तर पान उलटताना थोडी सळसळ होते. अशा मुक्या वस्तूच्या भरवशावर जगात सर्वांत सुरेल स्पीकर कोणता हे ठरवायचं आणि जन्मात न ऐकलेल्या अँप्लिफायरची बाजू घेऊन तावातावाने भांडायचं, हा उद्योग मी तरुणपणापासून करत आलो आहे. त्यातून मी कुडपणचा. पोलादपूर मागे टाकून सह्याद्रीच्या अंगावर चढत गेलं की धुक्यात कुठेतरी सापडतं ते आमचं गाव. शेलारमामांचं गाव म्हणून इतिहासवेडे येतात, पावसाळ्यात भीमाच्या काठीचा धबधबा बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. विजेचं येणं-जाणं मात्र या पाहुण्यांपेक्षाही बेभरवशाचं. आषाढात एकदा गेली की घरातला टेपरेकॉर्डर, रेडिओचा एलिमिनेटर, सगळं मुकं. वीज नसतानाही चालणारं एकच ऑडिओ उपकरण आमच्याकडे होतं, ते म्हणजे हे मासिक.

मासिकाचं नाव सांगत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, अगदीच अडलं तर उखाण्यात घेत. इतकी वर्षं संसार केल्यावर माझंही तसंच झालंय, आणि त्या इंग्रजी नावाला बसेल असा उखाणा अजून सुचलेला नाही.

ओळख झाली मुंबईत. लालबागला आमच्या गावकीची खोली होती. रात्रपाळीवाले झोपलेले, दिवसपाळीवाले जेवायला बसलेले, पाण्याच्या पिंपामागे ट्रंका एकावर एक. मी गिरणीत नव्हतो, कचेरीत कारकून होतो, पण निजायला तीच खोली. तिथे ट्रान्झिस्टरचा कान जरा पिळला की कोपऱ्यातून कुणीतरी चादरीबाहेर तोंड काढून माझा उद्धार करायचा. ज्याला ध्वनीचा छंद आहे आणि ध्वनी काढायला जागा नाही, त्याने काय करावं? वाचावं. शनिवारी अर्धा दिवस संपला की मी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या ढिगापाशी उकिडवा बसायचो. परदेशातून कुणाच्या तरी सामानातून आलेले, कॉफीचे डाग पडलेले, वर्ष-दोन वर्षं शिळे अंक. कित्येक अंकांतून कुणीतरी वर्गणीचं कूपन कात्रीने कापून नेलेलं असायचं. पानाच्या त्या चौकोनी भोकात नेमका मागच्या पानावरच्या परीक्षणाचा शेवटचा परिच्छेद गेलेला. वूफर, ट्वीटर, लाकडाचा पोत, सगळं सविस्तर वाचून झाल्यावर निकाल काय, तर भोक. काही स्पीकर चांगले होते की वाईट, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढे १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या खोलीतली माणसं एकेक करून ट्रंका उचलून गावी निघाली. कुणी नाचणीच्या शेतात परतला, कुणी वडापाव विकू लागला. खोलीत जागा झाली, शांतता झाली. मला हवी होती तशीच शांतता. पहिल्यांदा मी तिथे स्पीकर मांडला तेव्हा तक्रार करायला कोणी उरलं नव्हतं, आणि तेव्हाच त्या शिव्यांची किंमत कळली. पण ते असो.

त्या काळात मासिकावर माझी भक्ती होती, आणि ती डोळस होती, कारण मासिक कामाला लावायचं. केवळ ‘हे घ्या’ म्हणायचं नाही, ‘हे करा’ म्हणायचं. तो छंदच तसा होता. ‘ग्रामोफोन’ हे मासिक इंग्लंडात १९२३ साली कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकाराने काढलं, ते तबकड्या ऐकणाऱ्यांसाठी. ‘वायरलेस वर्ल्ड’ मात्र हातात सोल्डरिंग आयर्न घेणाऱ्यांचं. त्याच्या एप्रिल १९६९ च्या अंकात जॉन लिन्स्ली हूड यांनी अवघ्या चार ट्रान्झिस्टरांचा दहा वॅटचा क्लास-ए अँप्लिफायर छापला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो आपापल्या घरी बांधला. दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ निघायला लागलं तेही १९६९ सालीच. अमेरिकेत एडवर्ड डेल यांनी १९७० मध्ये ‘द ऑडिओ अॅमॅच्युअर’ काढलं. डेल हे चर्चचे धर्मोपदेशक. धर्मोपदेशकाने सोल्डरिंगचा उपदेश करावा यात मला कधी विसंगती वाटली नाही. आमच्याकडे कीर्तनकारही माईकचा आवाज आधी स्वतः तपासूनच उभा राहतो.

लिन्स्ली हूड यांचा अँप्लिफायर मीही बांधला. लॅमिंग्टन रोडवर २एन३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर मिळायचे. धातूच्या टोपीचे, चांगले वजनदार. हीटसिंकवर बसवताना मधे अभ्रकाची पातळ चकती घालायची, तिला दोन्ही बाजूंनी पांढरी पेस्ट लावायची, आणि स्क्रू आवळताना चकती चिरणार नाही याची काळजी घ्यायची. क्लास-ए म्हणजे असा अँप्लिफायर की गाणं लागो न लागो, त्याची भूक तेवढीच. आठ ओहमच्या स्पीकरसाठी सत्तावीस व्होल्टला १.२ अँपियरच्या आसपास, म्हणजे एका बाजूला बत्तीस वॅट, दोन्ही मिळून साठाच्या वर. त्यातले स्पीकरला मिळणार फार तर दहा-दहा, बाकी सगळी ऊब. मुंबईत ही ऊब जीव घ्यायची. कुडपणला मात्र श्रावणात तिचं सोनं झालं. चुलीवरच्या दांडीवर न वाळणारी मुलाची दुपटी माझ्या हीटसिंकवर तासाभरात खडखडीत वाळायची. तोवर या छंदाकडे तिरक्या नजरेने बघणारी बायको म्हणाली, “याचा उपयोग आहे की!” मासिकाने छापलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा हा अभिप्राय मला मोठा वाटला. गुण मात्र ध्वनीला मिळालेले नव्हते.

स्पीकरची पेटी गावच्या सुतारकाकांनी केली. पूर्वी पेटीचं माप अंदाजाने ठरायचं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि नंतर १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित घालून दिलं. पेटीतली कोंडलेली हवा ही एक स्प्रिंग असते. पेटी लहान तर स्प्रिंग कडक, मग खालचे सूर नीट उतरत नाहीत आणि मधेच एक सूर ढोलासारखा घुमतो. कोनाचं वजन, त्याची लवचीकता, त्याचा स्वतःचा कंप यांवरून हवा किती कोंडायची ते काढता येतं. ही आकडेमोड हौशी माणसांच्या हाती पोचली ती अशा मासिकांमधूनच. माझं उत्तर आलं चाळीस लिटर. मी सुतारकाकांना म्हटलं, “चाळीस लिटरची पेटी हवी.”

“ह्यात ठेवनार काय, दूध?”

“हवा.”

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. हवा मोजून कोंडणारा मुंबईचा चाकरमानी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. तरी पेटी केली. मागची फळी लावण्याआधी बोटाच्या पेराने चारी बाजू ठोकून पाहिल्या, एका ठिकाणी मान हलवली आणि न विचारता आतून एक आडवी पट्टी ठोकली. “ही फळी बोलत व्हती,” एवढंच म्हणाले. पेटीच्या फळ्या स्वतः कंप पावू नयेत म्हणून आतून आडव्या पट्ट्या का माराव्यात, यावरचा आलेखांसह मोठा लेख बऱ्याच काळाने मासिकात आला. मी तो सुतारकाकांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, “ह्ये लिहायचे पैसे मिळत्यात?”

पुढे मी रीतसर वर्गणीदार झालो. अंक मुंबईच्या पत्त्यावर यायचा. सुट्टी मिळेल तेव्हा एसटीने गावी, सामानात बेसनाचे लाडू, अगरबत्त्या आणि साठलेले अंक. त्यामुळे माझं वाचन सणवार पाळूनच झालं. वसंतातले अंक गणपतीत, दिवाळीचे शिमग्यात. नव्या शोधाची बातमी पालखीच्या ढोलाच्या गजरात वाचायची, आणि वाचून होईस्तोवर मुंबईत त्याचं पुढचं मॉडेल आलेलं असायचं. अंक वाचून झाले की घर त्यांचा ताबा घ्यायचं. गुळगुळीत, जाड, रंगीत कागद; शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालायला त्याच्यासारखा नाही. आमच्या वाडीतल्या पोरांनी इतिहासाच्या पुस्तकावर स्कॉटलंडचा टर्नटेबल आणि गणिताच्या वहीवर जपानी कॅसेट डेक मिरवला. फडताळात मिठाच्या बरणीखाली एका इटालियन स्पीकरचा फोटो बरीच वर्षं होता.

मग काहीतरी बदललं. कधी, ते नेमकं सांगता येत नाही. अंक जाड होत गेला आणि त्यातली आकृती पातळ. सर्किटं आधी मागच्या पानांत गेली, मग दिसेनाशी झाली. ‘करा’ मागे पडलं, ‘घ्या’ पुढे आलं. किमतीचा आकडा वाचून आधी वाटायचं की छापताना एखादं शून्य जास्त पडलंय. मीटरभर स्पीकर-वायरची किंमत मी रुपयांत काढली तर तीत आमच्या बाजारात दुभती म्हैस आली असती. परीक्षक लिहायचा की या वायरीने गायिकेच्या श्वासामागचा काळोख अधिक काळा झाला. मी ते वाक्य कंदिलाच्या उजेडात वाचत होतो. काळोखाच्या प्रतीबद्दल कुडपणच्या माणसाला कुणी सांगावं?

सगळ्यात राग आला तो असमाधानाचा. दर महिन्याला ते सांगायचं की गेल्या महिन्यापर्यंत तुम्ही जे ऐकत होतात त्यावर एक पडदा होता, तो आता सरला. पुढच्या महिन्यात आणखी एक पडदा सरायचा. इतके पडदे सरूनही शेवटी मागे काय आहे ते काही दिसेना. सीडी आली १९८२ साली, तेव्हा तबकडीला निरोप द्यायचे लेख आले. पुढे तबकडी परतली तेव्हा तिच्या स्वागताचेही लेख आले. २०२० मध्ये अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीचा गल्ला सीडीच्या वर गेला. मी चिडून वर्गणी थांबवली आणि तेच अंक रद्दीवाल्याकडून अर्ध्या किमतीत घेऊ लागलो. निषेधाचा हा मार्ग मला परवडण्यासारखा होता.

राग निवळला तो दोन गोष्टींमुळे. पहिली गॉर्डन होल्ट यांची. अमेरिकेत हे गृहस्थ एका मोठ्या ध्वनी-मासिकात तांत्रिक संपादक होते. जाहिरातदार दुखावू नयेत म्हणून परीक्षणं मऊ होतात हे त्यांना सोसेना. म्हणून १९६२ मध्ये त्यांनी स्वतःचं ‘स्टिरिओफाइल’ काढलं. यंत्र कसं ऐकू येतं ते कानांनी ऐकून, मुलाहिजा न ठेवता लिहायचं, एवढाच बाणा. अंक वेळेवर निघत नसत, वर्गणीदार वाट बघून थकत, पण लोकांना ते मासिक हवं असायचं. पुढे मासिक दुसऱ्याच्या हाती गेलं, मोठं झालं, जाहिरातींनी भरलं. आणि २००७ साली त्याच मासिकात, म्हातारे होल्ट स्पष्ट बोलले: डोळे झाकून केलेली प्रामाणिक तपासणी या धंद्याने नाकारली आणि तिथेच आपली पत घालवली, असा त्यांचा सूर होता. होल्ट २००९ मध्ये गेले. मासिकावर माझ्यापेक्षा जास्त रागावायचा हक्क ज्याला होता, तो माणूस मासिकातच रागावला होता आणि मासिकाने ते छापलंही होतं. घरात राहून घराला बोल लावायचे, ही रीत मला ओळखीची वाटली.

दुसरी गोष्ट २०२२ ची. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी महागड्या तबकड्या काढते. मूळ चुंबकीय फितीवरून थेट काढलेल्या, मधे डिजिटलचा स्पर्श नाही, अशा समजुतीने शौकीन त्या घेत होते. त्या वर्षी बाहेर आलं की कित्येक तबकड्यांच्या वाटेत अनेक वर्षं डिजिटल टप्पा होता. ज्यांना डिजिटलचा वास दुरूनच येतो असे नामवंत कान त्या तबकड्या ऐकून तृप्त झालेले होते. पुष्कळ लोक संतापले, कोर्टातही गेले. मी पडवीत बसून एकटाच खो-खो हसलो. बायकोने आतून विचारलं, “काय झालं?” हे मराठीत समजावून सांगायला मला पाऊण तास लागला आणि तिला हसू आलं नाही.

त्यातच माझे कान पिकले. वय वाढलं की वरचे सूर आधी जातात, हा सगळ्यांना लागू असलेला नियम. दूरदर्शनच्या जुन्या पेटीतून १५,६२५ हर्ट्झची बारीक शीळ यायची. तरुणपणी शेजारच्या खोलीतूनही मला कळायचं की टीव्ही चालू आहे. पुढे शीळ ऐकू येईनाशी झाली तेव्हा मला वाटलं, टीव्ही सुधारले. मासिकात मात्र वीस हजारांच्या वर काय चाललंय याची चर्चा जोरात आहे. फोटोंवरून परीक्षक माझ्याच वयाचे दिसतात. साठी उलटलेला परीक्षक साठी उलटलेल्या वाचकाला चाळीस हजार हर्ट्झची खबर देतो आणि दोघेही गंभीरपणे मान डोलावतात, हे लक्षात आल्यापासून मला त्या लोकांबद्दल माया वाटायला लागली.

काकूची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. माझे चुलते आयुष्यभर सप्ताहात पखवाज वाजवत. ते गेले तेव्हा मागे एक पखवाज आणि काही कॅसेटी राहिल्या. कुठल्या गावच्या, कुठल्या सालच्या, कशावरही लिहिलेलं नाही. एका संध्याकाळी वीज होती, व्होल्टेजही बरं होतं. मी त्यातली एक लावली, त्याच चार ट्रान्झिस्टरांच्या अँप्लिफायरवर, चाळीस लिटरच्या पेट्यांतून. मला ऐकायचं होतं ते झांजांचं टोक नीट येतंय का. काकू तांदूळ निवडत बसली होती. थोडं ऐकून म्हणाली, “हे पहाटंचं हाय.”

“कशावरून?”

“डाव्या पुडीची कनीक सुकलीय की. रातीला भिजवून लावली आसंल. आता कडक बोलतेय. त्येंना सांगायचं कुनी, हात ओला करून फिरवा म्हनून.”

पखवाजाच्या डाव्या तोंडाला मळलेली कणीक थापतात, म्हणजे खर्ज भरून येतो. रात्रभरात ती सुकते, सूर चढतो. काकूने त्यावरून जागराची वेळ सांगितली. मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकली, आणि ऐकू आलं. शेवटी शेवटी एका अभंगानंतर वाजणं थांबलं, कुणीतरी पाणी मागितलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा डावा आवाज पूर्वीसारखा गोल लागला.

यावरून खेड्यातल्या कानापुढे शहरातलं मासिक काय झक मारतं, असा निष्कर्ष कुणी काढेल. मी काढत नाही. गावच्या कर्ण्यावर तीच कॅसेट मी पूर्वी ऐकली होती, काकूनेही ऐकली असेल. त्यात कणीक सोडा, पखवाज आणि ढोलकी यांतला फरकही कळत नव्हता. खालचे सूर पेटीतून सरळ उतरावेत म्हणून हवा मोजायची, हे मला त्या मासिकाने शिकवलं होतं. त्याने मला दोन गोष्टी दिल्या, बारकाईने ऐकणं आणि कशानेच समाधान न होणं. दुसरी विकत होती आणि मी तिच्यावरच रागावत बसलो. पहिली वर्गणीतच आली होती, म्हणून तिचा हिशेब कुणी मांडला नाही.

आता निवृत्त होऊन गावी आलोय. वर्गणी पुन्हा सुरू केली आहे आणि अंक वाचायचा क्रम उलटा झाला आहे. पूर्वी परीक्षणं आधी. हल्ली सुरुवात मागून. आधी वाचकांची पत्रं. एकाच वायरीवरून तीच दोन माणसं तावातावाने भांडताना सापडली की घरचं कुणी भेटल्याचं बरं वाटतं. मग श्रद्धांजली, ज्यांची सर्किटं आम्ही बांधली ते इंजिनिअर एकेक करून तिथे येतात. मग छोट्या जाहिराती: मोठे स्पीकर विकणे आहेत, कारण लहान घरात जातोय. परीक्षणं शेवटी, आणि तीही झोप येईपर्यंत. किमती वाचून आता राग येत नाही.

परवा अंकासोबत वाचकांसाठी प्रश्नावली आली. वय किती, श्रवणकक्ष केवढा, आणि येत्या बारा महिन्यांत आपल्या संचात कशाची भर घालणार: स्पीकर, अँप्लिफायर, टर्नटेबल, केबल, इतर. प्रत्येकापुढे किमतीचे चौकोन, आणि सगळ्यात खालचा चौकोनसुद्धा हजार डॉलरांच्या आतला. श्रवणकक्षाच्या जागी पडवीची लांबी-रुंदी लिहिली आणि ‘एक बाजू उघडी’ अशी टीप दिली. ‘इतर’पुढे लिहिलं: चुलत्यांच्या पखवाजाला नवी डावी पुडी. किमतीचा सगळ्यात खालचा चौकोन भरला. खाली एक ओळ मोकळी होती, ‘आणखी काही सांगायचं आहे?’ तिथे लिहिलं: कणीक वेगळी.